एअर रायफलवर रेड डॉट: ठिपका किती मोठा घ्यायचा?

रेड डॉट, म्हणजे काचेत उजळ ठिपका दाखवणारी नेमाची साइट, घ्यायला दुकानात गेलं की समोर येते ती काच. मोठी काच, लाल आणि हिरवा दोन्ही रंग, चार प्रकारच्या खुणा, वर लेझर फुकट. निवड मात्र ठरते ती खोक्याच्या कडेला बारीक अक्षरात छापलेल्या आकड्यावर: २ एमओए, ३ एमओए, ६ एमओए. हा ठिपक्याचा आकार, एमओए या कोनाच्या मापात; त्याचा हिशेब पुढे येतो. तो चुकला तर बाकी सगळं उत्तम असूनही लहान लक्ष्यावर छर्रा बसत नाही, आणि दोष बिचाऱ्या रायफलला दिला जातो.

हा लेख ४.५ मिमीच्या एअर रायफलवर, १० ते २५ मीटर अंतरावर, लहान लक्ष्यांसाठी रेड डॉट कसा निवडायचा आणि बसवायचा याबद्दल आहे. लहान लक्ष्य म्हणजे फिरत्या पत्र्याच्या चकत्या, डबे, कागदावरची वर्तुळं.

आधी कायद्याचं

रेड डॉटबद्दल इंटरनेटवर जे वाचायला मिळतं त्यातलं बरंच अमेरिकेतल्या ससे आणि खारींच्या शिकारीसाठी लिहिलेलं असतं. तिकडे ठरावीक हंगामात, परवाना काढून ती करता येते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीवर बंदी आहे, आणि शिकारीच्या व्याख्येत नुसता प्रयत्नही येतो. ससा, तितर, मोर, घोरपड, यातल्या कशावरही एअरगन रोखायची नाही. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळवीट धरले जायचे, तो काळ कधीच संपला. रानडुकरांनी पीक खाल्लं तर तो वनखात्याचा आणि लेखी परवानगीचा विषय. एअरगनने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन उसात शिरतं आणि दुसऱ्या दिवशी भांगलायला आलेल्या बायकांच्या अंगावर येतं.

एअरगनचं म्हणाल तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमीपर्यंतच्या बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची एअरगन परवान्याशिवाय घेता येते. दुकानदार ओळखपत्र मागेल, ते द्यायचं. ५.५ मिमी बोअरला परवाना लागतो. बिनपावतीची आणि 'पॉवर वाढवलेली' रायफल स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

आणखी एक. घरातलं पोरगं कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजवर १० मीटर एअर रायफल किंवा पिस्तूल शिकत असेल, तर रेड डॉट घेऊच नका. आंतरराष्ट्रीय नियमांत या प्रकारांना भिंगाची साइट चालत नाही. तेजस्विनी सावंतचं २०१० चं म्युनिकमधलं विश्वविजेतेपद, राही सरनोबतचं २०१८ च्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण, स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं पॅरिसमधलं कांस्य ही सगळी पदकं साध्या साइटवर आलेली आहेत. रायफलवाल्यांची छिद्राची, पिस्तूलवाल्यांची खाचेची. शिकाऊ वयात डॉटची सवय लागली की पुढची-मागची साइट जुळवायचा सराव मागे पडतो.

एमओए आणि मिलिमीटर

एका अंशाचे ६० भाग केले की एक भाग म्हणजे १ एमओए. १०० मीटरवर तो सुमारे २९ मिमी झाकतो, १० मीटरवर २.९ मिमी. म्हणून हिशेब सोपा आहे: एमओए गुणिले मीटरमधलं अंतर गुणिले ०.२९, म्हणजे ठिपका तिथे किती मिलिमीटर झाकेल ते कळतं.

२ एमओए: १० मीटरवर ५.८ मिमी, २० वर ११.६, २५ वर १४.५
३ एमओए: १० मीटरवर ८.७ मिमी, २० वर १७.५, २५ वर २१.८
४ एमओए: १० मीटरवर ११.६ मिमी, २० वर २३.३, २५ वर २९.१
६ एमओए: १० मीटरवर १७.५ मिमी, २० वर ३४.९, २५ वर ४३.६

शेवटची ओळ परत वाचा. ६ एमओएचा ठिपका २५ मीटरवर लिंबाएवढी चकती पूर्ण गिळतो. चकती दिसतच नसेल तर तिचा मध्य कुठला, हे डोळा कसं सांगणार?

डोळा ठिपक्याचा मध्य शोधत नसतो. ठिपक्याभोवती लक्ष्याची जी कड उरते ती सगळीकडून सारखी आहे का, एवढंच तो बघतो आणि तेवढं फार अचूक बघतो. कड उरली नाही की अंदाज सुरू होतो. त्यामुळे नियम असा धरा: तुमच्या सर्वांत लांबच्या अंतरावर ठिपका लक्ष्याच्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त झाकता कामा नये. उलट बाजूनेही मर्यादा आहे. ठिपका लक्ष्याच्या पाव भागाहून बराच लहान झाला की तो मोठ्या चकतीवर भिरभिरत राहतो. हाताची प्रत्येक थरथर दिसते, माणूस ठिपका मध्यावर आला रे आला की ट्रिगर झटक्यात ओढतो, आणि छर्रा भलतीकडे. पाव ते निम्मा या पट्ट्यात राहिलेलं बरं.

हिशेब करून बघू. लक्ष्य ४० मिमीची चकती, अंतर २० मीटर. निम्मं म्हणजे २० मिमी. २० मीटरवर १ एमओए ५.८ मिमी होतो. २० भागिले ५.८ म्हणजे साधारण ३.४. म्हणजे ३ एमओए चालेल, ४ नको. १० रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिमी आहे. ते कागदावर ठेवून पेनने वर्तुळ काढलं आणि २० मीटरवर लावलं, तर उत्तर येतं २.३. म्हणजे २ एमओए. कोल्ड्रिंकचा साधा डबा ६६ मिमी रुंद असतो. १० मीटरवर त्याला ६ एमओए अगदी छान बसतो, २० मीटरवर ४ बरा. आणि १५ मिमीची चकती २० मीटरवर मारायची असेल तर उत्तर १.३ येतं. तिथे रेड डॉटचा नाद सोडून मोठं करून दाखवणारी दुर्बीण घ्यावी. निरोगी डोळ्याची बारीक तपशील वेगळा ओळखण्याची मर्यादाच साधारण १ एमओए आहे, आणि रेड डॉट काहीच मोठं करून दाखवत नाही.

इंग्लंडमध्ये फील्ड टार्गेट नावाचा एअर रायफलचा खेळ आहे. पत्र्याच्या प्राण्याच्या आकृतीत १५ ते ४० मिमीच्या आसपासचं भोक, ८ ते ५५ यार्ड अंतर, छर्रा भोकातून गेला की आकृती पडते. तिथले लोक झाडून सगळे दुर्बीण वापरतात. रेड डॉट कुठपर्यंत पुरतो याचा अंदाज त्यावरून यावा.

अमेरिकन सल्ला जसाच्या तसा का उचलू नये

तिकडचा 'लहान शिकारीला २ एमओए' हा सल्ला पॉइंट टू टू रिमफायर रायफलसाठी असतो. तिची गोळी सेकंदाला ३३० मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने जाते आणि नेम २५ ते ५० यार्डांवरचा असतो. 'ससा पळता असेल तर ६ एमओए' हा सल्ला शॉटगनचा. शॉटगनचे दाणे वीस-पंचवीस मीटरवर वीतभर किंवा त्याहून जास्त पसरतात, तिथे ठिपका पटकन दिसणं महत्त्वाचं, बारीकपणा नाही. आपल्या स्प्रिंगवाल्या रायफलीतून (हिलाच स्प्रिंगर म्हणतात) एकच छर्रा निघतो, तोही साधारण २०० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास. दोन्ही सल्ले आपल्याला अर्धेच लागू पडतात.

रायफल काय देते ते आधी बघा

२ एमओएचा ठिपका घेऊन रायफल सुधारत नाही. रेड डॉट घ्यायच्या आधी तिच्या मूळ साइटवर, बसून, मऊ आधारावर, १० मीटरवर पाच-पाच छर्ऱ्यांचे चार ग्रुप काढा. ग्रुप म्हणजे सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर. १० मीटरवर १२ ते १५ मिमी आला तर स्प्रिंगरसाठी ठीक आहे, २० मीटरवर तो दुपटीहून थोडा जास्त होईल असं धरून चला. तो ३० मिमीच्या पुढे असेल तर आधी छर्रे बदला. एकाच रायफलीत दोन कंपन्यांचे छर्रे तिप्पट फरक दाखवू शकतात. डब्यात स्कर्ट (मागची पातळ कड) चेमटलेले छर्रे असतील तर ते वेगळे काढा. मग स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू बघा. स्प्रिंगरमध्ये ते ढिले होतातच.

स्प्रिंगर घट्ट आवळून धरली की ग्रुप फुटतो. पिस्टन आधी मागे ढकलतो, मग पुढे आपटतो, आणि छर्रा अजून नळीतच असतो. रायफल पुढच्या हाताच्या तळव्यावर सैल ठेवा, खांद्याला हलकी टेकवा, दर वेळी तसंच. आधार द्यायचाच तर वाळूची पिशवी, आणि तीही हाताखाली. फरशीवर किंवा लाकडी फळीवर थेट टेकवली तर छर्रे वर जातात. पीसीपीला, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीला, हा त्रास नाही.

काचेचा आकार

रेड डॉटचा 'साइज' विचारला की अर्धे लोक काचेचा सांगतात: २०, २५, ३०, ४० मिमी. त्याचा ठिपक्याशी काही संबंध नाही. ४० मिमीच्या काचेत २ एमओए असू शकतो, २० मिमीच्या काचेत ६. मोठ्या काचेत ठिपका पटकन सापडतो हे खरं. पण तिच्या दोन किमती मोजाव्या लागतात.

पहिली उंची. मोठ्या काचेची साइट वर बसते. साइटचा मध्य रायफलीच्या नळीच्या मध्यापासून ४५ मिमी वर असेल, छर्रा साधारण ८.४ ग्रेनचा (अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त) आणि वेग २०० मीटर प्रतिसेकंद असेल, आणि २० मीटरवर झिरो केला असेल (म्हणजे त्या अंतरावर छर्रा बरोबर ठिपक्यावर बसेल अशी साइट जुळवली असेल), तर अंदाजे असं घडतं: ५ मीटरवर छर्रा ठिपक्याच्या २३ मिमी खाली, १० मीटरवर ७ ते ८ मिमी खाली, १५ वर जवळपास ठिपक्यावर, २५ वर पुन्हा ८ मिमीच्या आसपास खाली, ३० वर मात्र २९ मिमी खाली. म्हणजे १० ते २५ मीटरपर्यंत ४० मिमीच्या चकतीवर सरळ मध्यावर धरा, बाकी डोकं चालवायला नको. आता साइट ६० मिमी उंच बसली असं धरा. १० मीटरवरची चूक ७-८ वरून १५ मिमी होते. जवळचं लक्ष्य सोपं वाटतं आणि तेच हुकतं, याचं बहुतेक वेळा हेच कारण.

दुसरी किंमत पॅरलॅक्सची, आणि ही फारच कमी लोकांना माहीत असते. 'पॅरलॅक्स फ्री' असं छापलेल्या साइटसुद्धा एका ठरावीक अंतरालाच तशा असतात, बहुतेक वेळा ४५-५० मीटरच्या आसपास. त्याहून जवळ डोळा काचेच्या मध्यातून सरकला की ठिपका लक्ष्यावरून सरकतो. साइट ४५ मीटरला बसवलेली असेल आणि तुम्ही १० मीटरवर मारत असाल, तर डोळा १० मिमी सरकल्यावर चूक ७.८ मिमी होते. ३० मिमीच्या काचेत डोळा मध्यापासून १५ मिमीपर्यंत सरकू शकतो, चूक ११ ते १२ मिमी. २० मिमीच्या काचेत १० मिमीच सरकता येतं, त्यापलीकडे ठिपकाच नाहीसा होतो. लहान काच तुम्हाला शिस्त लावते.

तपासायला सोपं आहे. रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवा, १० मीटरवर आखलेला कागद लावा, ठिपका एका रेघेवर आणा. रायफलीला हात न लावता डोकं डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा. ठिपका किती रेघा ओलांडतो ते मोजा. १० मिमीच्या आत राहिला तर एअर रायफलीला पुरेसं. जास्त असेल तर ठिपका नेहमी काचेच्या मधोमध ठेवूनच ट्रिगर ओढायचा.

एकूण आमचं मत: एअर रायफलीला २० ते २५ मिमी काचेची बंद नळीची साइट, ठिपका २ किंवा ३ एमओए. उघड्या खिडकीच्या साइट पिस्तुलाला शोभतात; रायफलीवर त्यांच्या दिव्यापुढे धूळ आणि पावसाचे थेंब बसतात आणि ठिपका फुटका दिसतो. वर्तुळ आणि मध्ये टिंब अशी खूण मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, फक्त टिंब २ एमओएचं आहे ना ते बघा. ६५ एमओएचं वर्तुळ १० मीटरवर १९ सेंमीचं होतं, ते नुसतं डोळ्याला वाट दाखवतं.

खोक्यावरचा आकडा खरा आहे का

स्वस्त साइटवर '३ एमओए' छापलेलं असतं आणि आत ५-६ निघतो. दुकानात शक्य नसेल तर घरी आणल्याबरोबर बघा. पांढऱ्या कागदावर ५.८, ८.७, ११.६ आणि १७.५ मिमीची काळी वर्तुळं काढा, म्हणजे अनुक्रमे २, ३, ४ आणि ६ एमओए. बरोबर १० मीटरवर लावा, टेप धरून, पावलांनी नको. प्रकाश इतका कमी करा की ठिपका जेमतेम स्पष्ट दिसेल, आणि तो कुठल्या वर्तुळाला नेमका झाकतो ते बघा.

'जेमतेम' हे महत्त्वाचं. प्रकाश वाढवला की ठिपका फुगतो, ३ चा ५ वाटायला लागतो. मे महिन्यातल्या दुपारी मोकळ्या शेतात पांढऱ्या चकतीवर ठिपका दिसावा म्हणून सातवर नेलेला प्रकाश, संध्याकाळी किंवा शेडच्या सावलीत तसाच राहिला तर समोर लाल डाग दिसतो. दर सत्राला प्रकाश कमी टोकापासून वर आणायचा, वरून खाली नाही.

ठिपका शेपटीसारखा, स्वल्पविरामासारखा किंवा चांदणीसारखा फुटलेला दिसत असेल तर साइट परत करायला धावू नका. ती डोळ्यांसमोर हातात धरा आणि हळूहळू फिरवा. शेपूट साइटबरोबर फिरली तर दोष साइटचा. शेपूट तशीच राहिली तर दोष तुमच्या डोळ्यातला, बहुधा अस्टिग्मॅटिझम. चष्मा असेल तर तो लावून बघा. मोबाइलने काचेतून फोटो काढला तर खरा ठिपका कसा आहे तेही कळतं. डोळ्याचाच दोष असेल तर काचेवर खूण कोरलेली प्रिझम साइट तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. तात्पुरता उपाय हवा असेल तर चष्म्याच्या काचेवर काळी टेप लावून २ मिमीचं भोक पाडा. त्यातून ठिपका गोल दिसतो.

रंगाचं थोडक्यात: मागे ऊस किंवा गवत असेल तर लाल ठिपका उठून दिसतो, हिरवा हरवतो. तांबड्या मातीचा बांध मागे असेल तर उलट. चकत्या पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगवल्या तर हा प्रश्नच मिटतो. भगव्या रंगवू नका, त्यावर लाल ठिपका हरवतो.

बसवणं

आधी रेल बघा. बहुतेक एअर रायफलींवर ११ मिमीची डव्हटेल खाच असते, आणि बहुतेक रेड डॉट रुंद, २१ मिमीच्या पिकॅटिनी रेलचे असतात. मधला अडॅप्टर लावला की साइट आणखी १०-१२ मिमी वर जाते, आणि वर सांगितलेला उंचीचा प्रश्न वाढतो. थेट ११ मिमीचा माउंट असलेली साइट शोधा, किंवा माउंट वेगळा विकत घ्या.

रेलची खाच आणि माउंटचे जबडे स्पिरिटने पुसून घ्या. कारखान्याचं तेल तिथे राहिलं तर स्प्रिंगरच्या धक्क्यांनी साइट मागे सरकत जाते. रेलवर थांबा-पिनेचं भोक असेल तर माउंटची पिन त्यात बसवा. नसेल तर माउंटच्या मागे वेगळा स्टॉपर आवळा. या धक्क्याबद्दल एक ध्यानात ठेवा: रायफलीच्या दणक्यासाठी बनवलेली साइटसुद्धा स्प्रिंगरवर निकामी होऊ शकते, कारण बंदुकीचा धक्का एकाच दिशेला असतो आणि स्प्रिंगरचा आधी मागे, लगेच पुढे. घेतानाच 'स्प्रिंग एअरगनवर चालेल का' हे विचारा, वॉरंटीत ते लिहून घ्या.

माउंटचे स्क्रू एकाच बाजूने पूर्ण आवळू नका. आलटून पालटून, पाव-पाव फेरा. छोट्या ॲलन कीला दोन बोटांचा जोर पुरतो. टॉर्क की असेल तर दीड ते दोन न्यूटन मीटर. निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एक थेंब. लाल लावलंत तर पुढच्या वेळी स्क्रूचं डोकं झिजेल. आवळून झालं की स्क्रू आणि माउंट या दोन्हींवरून जाईल अशी नेलपॉलिशची एक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू फिरला.

ब्रेक बॅरल, म्हणजे नळी मोडून छर्रा भरायच्या रायफलीत साइट फार पुढे नको. छर्रा भरताना अंगठा आणि नळी मोडताना हात कुठे येतो ते आधी बघून घ्या. रेड डॉटला डोळ्यापासून ठरावीक अंतर लागत नाही, त्यामुळे रेलवर जागा निवडायची मुभा भरपूर आहे. गाल स्टॉकवर टेकल्यावर ठिपका मधोमध यायला हवा. मान ताणावी लागत असेल तर स्टॉकवर फोमची पट्टी बांधा.

झिरो

पाठीमागे काय आहे ते पहिल्यांदा. ४.५ मिमीचा छर्रा तीनशे मीटरवरही जाऊ शकतो. शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात मागे उसाचा फड असेल तर त्यात माणूस नाही असं गृहीत धरायचं नाही. पाणी पाजणारा, वैरण काढणारा कुणीही असतो आणि दिसत नाही. ओल्या मातीचा बांध, किंवा वाळू भरलेली जाड पेटी, किमान फूटभर खोल. लोखंडी चकती उभी असेल तर शिसं चपटं होऊन मागे उडतं, म्हणून तिला थोडी पुढे झुकवा आणि बघणाऱ्यांसकट सगळ्यांना चष्मा. गच्चीवर, गल्लीत, शेजाऱ्याच्या भिंतीवर नाही.

मूळ साइट काढलेली नसेल तर काम निम्मं होतं. तिने नीट नेम धरा आणि रेड डॉटचे स्क्रू फिरवून ठिपका पुढच्या साइटच्या टोकावर आणा. मग ५ मीटरवर दोन छर्रे. कागदावर बसले की १० मीटरवर जा. तिथे ग्रुप ठिपक्याच्या ७-८ मिमी खाली आणला तर ४५ मिमी उंचीच्या साइटचा २० मीटरचा झिरो जवळपास झालेला असतो. मग २० वर पक्का करा.

उदाहरण घेऊ. २० मीटरवर पाच छर्ऱ्यांच्या ग्रुपचा मध्य ३५ मिमी खाली आणि १२ मिमी उजवीकडे आहे. साइटचा एक क्लिक १ एमओएचा असेल तर २० मीटरवर तो ५.८ मिमी. ३५ भागिले ५.८ म्हणजे ६ क्लिक वर, १२ भागिले ५.८ म्हणजे २ क्लिक डावीकडे. टरेटवरचा (क्लिक फिरवायच्या गोल बटणावरचा) बाण छर्रा कुठे जाईल ते दाखवतो. क्लिक अर्ध्या एमओएचा असेल तर दुप्पट. एका छर्ऱ्यावर क्लिक फिरवू नका, ग्रुपवर फिरवा. फिरवल्यावर पहिले दोन छर्रे मोजू नका, स्वस्त साइटची आतली नळी धक्क्यानेच जागेवर बसते. छर्रा न भरता स्प्रिंगर सोडून ती 'बसवायचा' प्रयत्नही नको, पिस्टनचं सील जातं.

नेम धरताना दोन्ही डोळे उघडे, नजर चकतीवर. ठिपक्याकडे बघत राहिलात की चकती धूसर होते आणि ग्रुप उभा लांबतो.

बिघाड आणि कारणं

वर जाण्याचे क्लिक संपले, तरी छर्रा खालीच: ब्रेक बॅरलची नळी बंद झाल्यावर किंचित खाली झुकलेली असते. माउंटच्या मागच्या टोकाखाली कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घाला. हा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो. ५० मिमी लांबीच्या माउंटखाली तेवढ्याने २० मीटरवर छर्रा ४० मिमी वर येतो. एका वेळी एकच पट्टी.

झिरो रोज हलतो: आधी नेलपॉलिशची रेघ, मग स्टॉकचे स्क्रू, मग नळीच्या बिजागरीतला खेळ, त्यानंतर साइटवर संशय. मूळ साइटवर ग्रुप जागच्या जागी बसत असेल आणि डॉटवर हलत असेल, तरच साइट दोषी.

छर्रा सुटताना ठिपका क्षणभर विझतो: बॅटरी उडते. झाकण घट्ट करा, संपर्काची पत्ती जराशी वर उचला. बहुतेक साइटना सीआर २०३२ लागते. स्वस्त बॅटरी कधीकधी जरा पातळ असते, तेच कारण निघतं.

आकाराचा प्रश्न उरतो तो हातात ६ एमओएचीच साइट असलेल्यांचा. ती फेकायची गरज नाही. झिरो असा करा की छर्रा ठिपक्याच्या मध्यावर न बसता वरच्या कडेवर बसेल. २० मीटरवर त्यासाठी ३ एमओए, म्हणजे १७.५ मिमी वर. मग ठिपका चकतीच्या मध्याखाली धरायचा, त्याची वरची कड मध्यावर. चकतीचा वरचा अर्धा भाग उघडा दिसतो. हे एका अंतरालाच नीट जमतं, पण डबे पाडायला पुरतं.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात, आणि गगनबावडा-राधानगरीकडे तर जास्तच, काचेला बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसायला लागले की ती आतली असते आणि पुसून जात नाही. रायफलीच्या फोमच्या पेटीत साइट ठेवून पेटी बंद करणं सर्वांत वाईट, फोम ओल धरून ठेवतो. साइट काढून हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांबरोबर ठेवा. पुड्या महिन्यातून एकदा मंद आचेच्या तव्यावर गरम करून घ्या, फक्त कागदी आवरण काढून. बॅटरी बाहेर काढून ठेवा, गळली तर संपर्क खाते. साइट परत लावताना रेलवर पेनाने खूण केलेली असेल तर ती जवळपास त्याच जागी बसते, तरी पाच छर्ऱ्यांचा ग्रुप मारून झिरो तपासल्याशिवाय चकतीकडे वळू नका.